मुलांचा घोटा मोडतो तेव्हा

बालरोगतज्ज्ञाने हाडांच्या शस्त्रक्रियेवर लिहावे, हे मंडळातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. त्यांच्या हातातील ड्रिल मी मागत नाही. परंतु घोटा मोडलेल्या मुलाचे आई-वडील एक्स-रेचे पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी का होईना, आमच्याच दवाखान्याची पायरी चढतात. ज्या डॉक्टरने मुलाला जन्मापासून लशी टोचल्या, ताप-खोकल्यात पाहिले, त्याच्याकडून त्यांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : "डॉक्टर, प्लास्टरवर भागेल, की स्क्रू घालावाच लागेल?" बरोबर आलेल्या आजी आंबेहळद-तुरटीच्या लेपाची आठवण काढतात. मुलगी असेल तर पायावर व्रण राहील का, ही काळजी कोणी तरी हळूच बोलून दाखवते. या प्रश्नाचे उत्तर केवळ फिल्मवर नसते. ते मुलाच्या वयात, त्याची किती वाढ शिल्लक आहे या हिशेबात असते. आणि तो हिशेब आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामातला आहे. म्हणून हा लेख.

प्रथम प्रौढांविषयी थोडक्यात. घोट्याच्या सांध्यात टॅलस हे हाड वरच्या दोन हाडांनी, म्हणजे टिबिया व फिब्युला यांनी, तीन बाजूंनी धरलेले असते. सुताराने एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत नेमके बसवावे, तशी ही रचना आहे. ही खाच किती नेमकी असावी लागते, हे रॅम्से व हॅमिल्टन यांनी १९७६ साली मृतदेहांच्या सांध्यांवर मोजून दाखविले. टॅलस बाहेरच्या बाजूला अवघा १ मिलिमीटर सरकला, तर हाडांचा परस्परांशी असलेला संपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. घोटा मोडल्यावर अस्थिरोगतज्ज्ञ मिलिमीटरवर एवढा भर का देतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेन यांनी १९५० साली पाय कोणत्या स्थितीत असताना कोणत्या दिशेने पिळला गेला, यावरून या अस्थिभंगांची वर्गवारी केली. डानिस यांनी १९४९ मध्ये मांडलेली व वेबर यांनी १९७२ मध्ये रूढ केलेली दुसरी वर्गवारी फिब्युला कोणत्या उंचीवर मोडले, एवढेच पाहते. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील बील गावी काही शल्यविशारदांनी 'ए.ओ.' ही संघटना स्थापन केली, आणि सांध्याचा पृष्ठभाग अचूक जुळवा, पक्का बांधा व लवकर हालचाल सुरू करा, हा विचार जगभर पसरला. आज प्रौढाच्या घोट्यासाठी फिब्युलावर प्लेट, आतल्या गुडदाणीसाठी दोन स्क्रू किंवा ताणतारेची बांधणी, दोन हाडांमधला बंध तुटला असेल तर आडवा स्क्रू अथवा दोरी-बटणाची जोडणी, असे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. सूज फार असेल व हाडाचा चुरा झाला असेल, तर आधी बाहेरून सांगाडा लावून थांबतात आणि कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्यावरच आतील शस्त्रक्रिया करतात.

हे सारे जसेच्या तसे लहान मुलाला लागू करता येत नाही. मूल म्हणजे छोट्या मापाचा प्रौढ नव्हे, हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. औषधाच्या मात्रेइतकेच ते हाडांनाही लागू आहे.

वाढपट्टी

मुलाच्या लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. इंग्रजीत त्यास ग्रोथ प्लेट म्हणतात. येथे आपण वाढपट्टी म्हणू. हाड लांब होते ते या पट्टीमुळे. तिच्या एका बाजूस सांध्याकडील टोपी, म्हणजे एपिफिसिस, आणि दुसऱ्या बाजूस हाडाचा दांडा. पट्टीतील पेशी रांगांनी वाढतात, मग फुगतात, मग त्यांच्याभोवती चुना साचून त्यांचे हाड होते. फुगलेल्या पेशींच्या थरात पेशी मोठ्या आणि त्यांना धरून ठेवणारा भराव थोडा, म्हणून हाड बहुधा तेथूनच सुटते. सुदैवाने वाढ घडवणाऱ्या मूळ पेशी टोपीच्या बाजूला राहतात. त्यामुळेच पट्टीतून हाड सरकूनही बहुतेक मुलांची वाढ पुढे चालू राहते.

मात्र टिबियाच्या खालच्या टोकाची वाढपट्टी सपाट नसते. तिला उंचवटे आणि खळगे असतात, आणि पुढच्या-आतल्या भागातील एक उंचवटा तर विशेष ठळक असतो. मनगटाची वाढपट्टी तुलनेने सरळ असल्यामुळे ती घसरली तरी फारसे बिघडत नाही. घोट्याजवळची पट्टी घसरते तेव्हा उंचवटे एकमेकांवर घासतात आणि मूळ पेशी चिरडल्या जाण्याचा संभव असतो. मनगट मोडलेल्या मुलाला आपण निर्धास्तपणे घरी पाठवतो. घोट्याच्या बाबतीत तेवढे निर्धास्त राहता येत नाही, त्याचे कारण हे आहे.

टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि डब्ल्यू. रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली वाढपट्टीच्या इजांचे पाच प्रकार सांगितले, आणि इतक्या वर्षांनंतरही जगभरचे डॉक्टर तीच भाषा बोलतात. पहिल्या प्रकारात भेग केवळ पट्टीतून जाते. दुसऱ्यात ती पट्टीतून जाऊन दांड्याचा एक कोपरा बरोबर घेते. तिसऱ्यात ती पट्टीतून वळून टोपी चिरत सांध्यात उतरते. चौथ्यात दांडा, पट्टी आणि टोपी तिन्ही उभी चिरली जातात. पाचव्यात पट्टी वरून दाबली जाऊन चिरडते. या प्रकारात पहिल्या एक्स-रेत काहीच दिसत नाही आणि निदान वर्षाने होते. व्यवहारात पहिले दोन एका बाजूला आणि तिसरा-चौथा दुसऱ्या बाजूला ठेवावेत. पहिल्या दोहोंत सांध्याचा पृष्ठभाग अखंड असतो. पुढच्या दोहोंत सांधाही फाटलेला असतो व पट्टीही, आणि शस्त्रक्रियेचा विषय गांभीर्याने निघतो तो तेथे.

किती वाढ शिल्लक आहे?

टिबियाच्या खालच्या पट्टीकडून त्या हाडाच्या एकूण लांबीतील सुमारे चार-दशांश वाढ होते, वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर. मुलींची ही वाढ सुमारे चौदाव्या वर्षी आणि मुलांची सोळाव्या वर्षी थांबते, असा ढोबळ ठोकताळा धरला, तर हिशेब सोपा आहे. नऊ वर्षांच्या मुलाची सात वर्षे शिल्लक, म्हणजे दोन ते अडीच सेंटिमीटर. त्याची पट्टी पूर्ण बंद पडली, तर तेवढा पाय आखूड राहील. परंतु पट्टी अर्धवट, समजा फक्त आतल्या बाजूने बंद पडली, तर प्रकरण अधिक वाईट होते. बाहेरची बाजू वाढत राहते, आतली थांबते, आणि टाच दरवर्षी थोडी थोडी आत वळत जाते. त्यात शेजारचे फिब्युला आपल्या पट्टीने वाढतच असते. ते खाली सरकून पायाला आणखी आत ढकलते. याउलट साडेतेरा वर्षांच्या मुलीची शिल्लक वाढ जेमतेम दोन मिलिमीटर. तिच्या बाबतीत पाय आखूड होण्याची भीती घालणे निरर्थक आहे. तिचा खरा प्रश्न सांध्याच्या पृष्ठभागाचा आहे, आणि तो तिला पुढील साठ वर्षे वापरायचा आहे.

थोडक्यात, एकाच घोट्यावरील शस्त्रक्रियेचा हेतू लहान वयात वाढ वाचवणे हा असतो, आणि किशोरवयात सांधा वाचवणे हा. पालकांना हा फरक समजावून सांगितला की त्यांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे. मुलीला पाळी सुरू होऊन किती महिने झाले, मुलाचा आवाज फुटला का, गेल्या वर्षात उंची किती वाढली, या गोष्टी आमच्या नोंदींत असतात. अस्थिरोगतज्ज्ञाला त्या कळवणे हे बालरोगतज्ज्ञाचे काम आहे. जन्मतारखेपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतात.

अठरा महिन्यांची खिडकी

वाढ संपत आली की ही पट्टी एकदम बंद होत नाही. ती आधी मध्यभागी मिटते, मग आतल्या बाजूला, आणि सर्वांत शेवटी बाहेरच्या बाजूला. या क्रियेला सुमारे अठरा महिने लागतात. या काळात टोपीचा आतला भाग दांड्याला पक्का जोडलेला असतो आणि पुढचा-बाहेरचा कोपरा अजून सुटा असतो. त्याच कोपऱ्यावर टिबिया-फिब्युला यांना बांधणारा पुढचा अस्थिबंध चिकटलेला असतो. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर गर्रकन वळले, की तो बंध ताणला जातो. प्रौढात बंध तुटतो, या वयात मात्र तो हाडाचा कोपराच उपटून काढतो. पॅरिसचे शल्यविशारद पॉल तियो यांच्या नावाने हा अस्थिभंग ओळखला जातो. आपण सारे त्याला 'टिलॉक्स' म्हणतो. फ्रेंच माणसाला ते ऐकून गंमत वाटेल.

आपल्या बडोद्यात ही इजा लक्षात ठेवण्यासाठी नवरात्राहून सोयीचा काळ नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुली नऊ रात्री अनवाणी गरबा खेळतात. एक पाऊल रोवून गिरकी घेणे हेच तर गरब्याचे सौंदर्य. पाय मुरगळला म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी नेलेल्या मुलीला चौथ्या दिवशीही चार पावले टाकता येत नसतील आणि घोट्याच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवताच ती कळवळत असेल, तर साध्या मुरगळण्यावर समाधान मानू नये. समोरून काढलेल्या एक्स-रेत ही उभी भेग कधी फिब्युलाच्या सावलीखाली झाकली जाते. पाय थोडा आत वळवून तिरपा एक्स-रे काढला तर ती दिसते.

याच वयातील दुसरी इजा म्हणजे त्रिप्रतली अस्थिभंग, ज्याला ट्रायप्लेन म्हणतात. मार्मर यांनी १९७० मध्ये तो वर्णिला आणि लिन यांनी १९७२ मध्ये त्याला हे नाव दिले. समोरून पाहिले तर तो सॉल्टर-हॅरिसचा तिसरा प्रकार वाटतो, बाजूने पाहिले तर दुसरा. भेग टोपीतून उभी, पट्टीतून आडवी आणि दांड्यातून मागच्या बाजूला उभी अशी तीन प्रतलांतून गेलेली असते. दोन एक्स-रे परस्परविरोधी गोष्टी सांगू लागले की हा अस्थिभंग आठवावा. येथे सी.टी. स्कॅन केला पाहिजे. किरणोत्साराबद्दल मी स्वतः फार चिकित्सक आहे. डोक्याला टेंगूळ आले म्हणून सी.टी. मागणाऱ्या पालकांशी मी नेहमी वाद घालतो. परंतु सांध्यातील फट १ मिलिमीटर आहे की ३, हे साध्या एक्स-रेवर खात्रीने सांगता येत नाही, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय नेमका त्या फरकावर अवलंबून असतो.

प्लास्टर, तार की स्क्रू?

पहिल्या व दुसऱ्या प्रकारात हाड फारसे सरकले नसेल तर प्लास्टर पुरते. सरकले असेल, तर भूल देऊन, स्नायू सैल करून हाड हळुवारपणे जागेवर आणावे. एकदा, फार तर दोनदा. जोर लावून वारंवार प्रयत्न केले तर मूळ इजेने वाचवलेल्या पेशी आपल्याच हातांनी चिरडल्या जातात. आठ-दहा दिवस उलटून गेल्यावर ओढाताण करण्यात अर्थ नसतो. तोपर्यंत पट्टी भरू लागलेली असते. मालीश करून 'हाड बसवून' देणाऱ्याकडे आठवडा घालवून मूल येते, तेव्हा आपल्या हातून एक पर्याय निघून गेलेला असतो, आणि हे पालकांना सांगणे कठीण जाते. वाढीची दोन-तीन वर्षे शिल्लक असतील, तर पुढे-मागे किंवा बाहेरच्या बाजूला दहा-एक अंशांचा तिरकेपणा हाड स्वतः सुधारून घेते. आतल्या बाजूला वळलेले हाड मात्र सुधारेल या भरवशावर सोडू नये.

हाड जागेवर येत नसेल, तर बहुधा भेगेत काही तरी अडकलेले असते. दांड्यावरचे अस्थिआवरण फाटून त्याची झालर आत ओढली जाते. सॅन डिएगो येथील बारमाडा व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले की हाड बसवल्यानंतरही पट्टीत ३ मिलिमीटरहून अधिक फट राहिली, तर पट्टी अकाली बंद पडण्याचे प्रमाण ६० टक्के होते. फट नसेल तर १७ टक्के. यावरून झालर काढून टाकण्यासाठी छोटी शस्त्रक्रिया करावी, असा विचार पुढे आला. पण पुढच्या अनुभवात झालर काढूनही पट्टी बंद पडलेली आढळली. मूळ आघातच पट्टीला मारून जातो, असे मानणारे शल्यविशारद आज कमी नाहीत. म्हणून 'ऑपरेशन केले की वाढीची हमी' असे कोणी पालकांना सांगत असेल, तर ते सांगणे शास्त्राच्या पलीकडचे आहे. माझ्या मते शस्त्रक्रियेची संमती घेताना ही गोष्ट लिहून द्यावी.

तिसऱ्या व चौथ्या प्रकारात, तसेच टिलॉक्स व ट्रायप्लेनमध्ये, सांध्यातील फट किंवा पायरी २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मांडीपर्यंत प्लास्टर आणि काटेकोर पाहणी. त्याहून अधिक असेल तर हाड अचूक बसवून बांधणे, ही सामान्यतः मान्य असलेली सीमारेषा आहे. टिलॉक्समध्ये पाऊल आत वळवून कोपऱ्यावर अंगठ्याने दाबले की तुकडा पुष्कळदा जागेवर येतो. मग सी-आर्मखाली पाहत, अर्ध्या सेंटिमीटरच्या छेदातून एक पोकळ स्क्रू तारेवरून सरकवला की काम होते. व्रणाची काळजी करणाऱ्या आईला मी बी.सी.जी.चा व्रण दाखवून तुलना करायला सांगतो. बंद पद्धतीने तुकडा बसलाच नाही, तर मात्र उघडावे लागते, आणि तेव्हा व्रणापेक्षा सांधा मोठा.

स्क्रूच्या दिशेचा नियम पालकांनाही समजण्याजोगा आहे. वाढपट्टी अजून काम करीत असेल, तर स्क्रू तिला समांतर जावा : एक तर पूर्णपणे टोपीत, नाही तर पूर्णपणे दांड्यात. आटे असलेला स्क्रू पट्टी ओलांडून गेला की तो दोन्ही बाजू आवळून धरतो आणि वाढ थांबवतो. हीच युक्ती वाकडे पाय सरळ करण्यासाठी मुद्दाम वापरली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे सामर्थ्य कळते. पट्टी ओलांडणे अटळच असेल, तर गुळगुळीत तार वापरावी. मार्टिन किर्शनर यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणलेली ही तार, आपली के-वायर, दिसायला क्षुद्र आहे. पण मुलांच्या हाडांत तिच्याइतके उपकारक साधन दुसरे नाही. ती पातळ असते, आवळत नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातही काढता येते. वाढ संपतच आली असेल, तर हा नियम सैल होतो आणि स्क्रू सोयीच्या दिशेने घालता येतो.

सर्वांत जपण्याजोगा अस्थिभंग म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाची आतली गुडदाणी उभी चिरली जाणे. पाऊल आत वळून टॅलस आतल्या कोपऱ्यावर आदळतो. तुकडा लहान, एक्स-रे फारसा भयंकर दिसत नाही, आणि मूल लवकर चालू लागते. पट्टी बंद पडण्याचा धोका मात्र या प्रकारात मोठा असतो. थोडेही सरकलेले दिसले तरी येथे शस्त्रक्रियेला कां-कू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोपीतला स्क्रू पुढे काढावा की नाही, यावर एकमत नाही. सांध्याच्या अगदी जवळ धातू राहिला तर कूर्चेवरचा दाब वाढतो, असे मृतदेहांवरील प्रयोगांत आढळल्याने अनेक जण सहा महिने ते वर्षाने तो काढतात. विरघळणारे स्क्रूही मिळतात. ते काढावे लागत नाहीत, पण एक्स-रेत दिसत नसल्याने ते घालताना कौशल्य अधिक लागते.

रात्रीचा फोन

प्लास्टर घातल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर त्या रात्री फोन येतो तो पुष्कळदा आम्हाला. "डॉक्टर, फार रडतोय, जरा झोपेचं औषध सांगता का?" येथे औषध सांगू नये. मुलाची वाढत जाणारी बेचैनी, घाबरेपणा आणि वेदनाशामकाची वारंवार मागणी ही प्लास्टरच्या आत दाब वाढत असल्याची लहान मुलांतील पहिली खूण असते. नाडी लागते आहे एवढ्यावर विसंबू नये. घोट्याच्या इजेत आणखी एक विशेष गोष्ट आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला स्नायूंच्या दोऱ्या धरून ठेवणारा एक घट्ट पट्टा असतो. सरकलेल्या हाडाचे टोक त्याखाली दाब निर्माण करते. मूल पायाची बोटे वर उचलू शकत नाही, कोणी बोटे खाली वाकवली की किंचाळते, आणि अंगठा व दुसरे बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा येतो. मुबारक यांनी २००२ साली याचे वर्णन केले. फोनवरच आईला या तीन गोष्टी तपासायला सांगता येतात. त्यातली एकही आढळली तर प्लास्टर आहे त्या रात्री उभे कापून सैल करायला हवे, सकाळची वाट पाहू नये.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन ही जोडी बहुतेकांना पुरते. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन व ट्रॅमाडॉल देऊ नये, अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिली. मोठ्यांच्या चिठ्ठीवरून अर्धी गोळी देण्याची घरगुती सवय येथे घातक ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा तोडण्याची प्रथाही आता सोडावी. साधे पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालते. आणि हाड लवकर भरावे म्हणून कॅल्शियमची बाटली मागणाऱ्या आजोबांना नाराज न करता सांगावे, की जेवणारे, उन्हात खेळणारे मूल आपले हाड स्वतः भरते. जीवनसत्त्व 'ड' कमी असेल तर मात्र ते अवश्य द्यावे.

जे मोडलेलेच नसते

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या विद्यार्थिदशेत शिकवले जाई की मुलांचे अस्थिबंध वाढपट्टीहून बळकट असतात, म्हणून मुलाचा घोटा मुरगळत नाही, मोडतोच. बाहेरच्या घोट्याला सूज, एक्स-रे स्वच्छ, म्हणजे फिब्युलाचा पहिल्या प्रकारचा अस्थिभंग, घाला प्लास्टर. टोरांटोच्या कॅथी बुटिस व सहकाऱ्यांनी २०१६ साली अशा १३५ मुलांचे एम.आर.आय. प्रसिद्ध केले. वाढपट्टीतील अस्थिभंग फक्त ४ मुलांत निघाला. बाकीच्यांत बहुतेक अस्थिबंधाच्याच इजा होत्या, आणि काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यावर ही मुले बरी झाली. अर्थात मुलांचा पायही मुरगळतो, आणि कित्येक पिढ्या आपण अनावश्यक प्लास्टर घातले. ओटावा येथे १९९२ साली तयार झालेले घोट्याचे नियम शाळकरी मुलांनाही उपयोगी पडतात : गुडदाणीच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत नसेल आणि मूल चार पावले टाकत असेल, तर एक्स-रेची गरज सहसा नसते.

प्लास्टर निघाल्यावर

खरी अडचण येथून सुरू होते. प्लास्टर निघाले, मूल पळू लागले, क्रिकेट सुरू झाले, की पालकांच्या लेखी विषय संपतो. पण वाढपट्टी बंद पडते ती त्यानंतरच्या महिन्यांत, कोणतीही वेदना न देता. म्हणून सहा महिन्यांनी व वर्षाने दोन्ही घोट्यांचे एक्स-रे काढावे, आणि लहान मुलांत वाढ संपेपर्यंत वर्षातून एकदा पाय मोजावे. एक्स-रेत वाढपट्टीच्या वर एक बारीक पांढरी रेघ दिसते. आघाताच्या वेळी वाढ काही दिवस थांबते, तिची ती खूण. रेघ पट्टीला समांतर राहून तिच्यापासून दूर सरकत असेल, तर वाढ निर्वेध चालू आहे. ती एका बाजूने पट्टीला जाऊन भिडत असेल, तर त्या जागी हाडाचा पूल तयार झाला आहे. या रेघांना पार्क-हॅरिस रेघा म्हणतात. हे हॅरिस टोरांटोचे नव्हेत, ब्रिटनचे एच. ए. हॅरिस, आणि एडवर्ड्स पार्क तर जॉन्स हॉपकिन्सचे बालरोगाचे प्राध्यापक. तेव्हा या विषयात आमचाही थोडा वाटा आहे!

पूल वेळेत सापडला तर उपाय आहेत. तो पट्टीच्या निम्म्याहून कमी क्षेत्रात असेल आणि किमान दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल, तर तो कोरून काढून त्या जागी चरबी भरतात. फिनलंडच्या लांगेन्शोल्ड यांनी ही पद्धत रूढ केली. वाढ थोडीच उरली असेल, तर उरलेली पट्टी आणि फिब्युलाची पट्टी दोन्ही मुद्दाम बंद करून पाय वाकडा होणे टाळता येते. उशीर झाला, तर हाड कापून सरळ करणे, इलिझारोव्हच्या रिंगा लावून लांबी वाढवणे, असे लांबचे रस्ते उरतात. एका छोट्या एक्स-रेच्या तारखेवर पुढची एवढी शस्त्रक्रिया अवलंबून असते. मी ती तारीख लसीकरणाच्या कार्डावरच लिहून देतो. फाईल हरवते, ते कार्ड आया जपून ठेवतात.

राहता राहिली आपल्या गावातील दोन ठिकाणे, गच्ची आणि दुचाकी. उत्तरायणाला पतंगामागे धावणारे मूल गच्चीवरून उभे पायांवर पडते तेव्हा वाढपट्टी दाबली जाण्याचा प्रकार घडतो. एक्स-रे स्वच्छ असला तरी अशा मुलाला वर्षभर नजरेखाली ठेवावे. दुचाकीचे प्रकरण वेगळे. मागे बसवलेल्या तीन ते सात वर्षांच्या मुलाचे पाऊल आऱ्यांत सापडते, टाचेची व घोट्याची कातडी चिरडते, आणि ती किती मेली आहे हे दोन दिवसांनी समजते. पहिल्या दिवशी चार टाके घालून घरी पाठवलेली जखम तिसऱ्या दिवशी काळी पडते. कधी कधी पट्टीची कडही त्यात खरवडली गेलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे आवरण, हातात धरायची मूठ व पाय ठेवायची जागा देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. तेच ते साडीगार्ड. गाडी शोरूममधून बाहेर येते तेव्हा ते असते. गाडी देखणी दिसावी म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ते उतरवले जाते आणि माळ्यावर पडून राहते. लसीसाठी आलेल्या बापाला मी आता गाडीचा नंबर विचारत नाही, साडीगार्ड लावले आहे का ते विचारतो. बहुतेक जण हसतात. काही जण पुढच्या डोसाला येताना ते पुन्हा बसवून आलेले असतात.